ग्राफची उंची बघू नका, चढ बघा: टेबल आणि ग्राफवरून कोण किती वेगाने बदलतंय हे कसं ताडायचं

पावसाळा लागला की नाशिकच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मेसेज हमखास फिरतात, एक म्हणजे गंगापूर धरण किती टक्के भरलं आणि दुसरा म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं. फोटोही असतो सोबत. पण समजा पाणी मारुतीच्या कमरेला लागलंय, तर यावरून सराफ बाजारातल्या दुकानदाराने नक्की काय करायचं? तासाभरापूर्वी पाणी छातीला असेल तर ते उतरतंय, चहा प्यायला हरकत नाही. आणि तासाभरापूर्वी गुडघ्याला असेल तर माल वरच्या फळीवर चढवायला घ्यायला हवा, तोही आत्ताच. फोटो तोच, आकडा तोच आणि अर्थ एकदम उलटे.

म्हणजे "किती आहे" हा एक प्रश्न आणि "किती वेगाने बदलतंय" हा दुसरा. नववी-दहावीची पोरं माझ्याकडे शिकवणीला येतात, त्यांना सूत्र तोंडपाठ असतं पण दोन ग्राफ शेजारी ठेवले की जी रेघ जास्त वर दिसते तिलाच जास्त वेग आहे असं धडाधड लिहून मोकळी होतात. मोठी माणसंही तेच करतात, फक्त त्यांचे मार्क कुणी कापत नाही. तर हे सगळं आपल्या इकडच्या उदाहरणांनी एकदा नीट बघू.

आधी मुळातली गोष्ट, जी खरंच एका ओळीची आहे. उभ्या आकड्यात (म्हणजे जे बदलतंय त्यात, भाव किंवा पाणी) किती फरक पडला तो काढायचा, आडव्या आकड्यात (म्हणजे दिवस, तास वगैरे) किती फरक पडला तो काढायचा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. झाला बदलाचा दर. दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ म्हणून जे शिकवतात ते हेच, वेगळं काही नाही. फक्त दोन पथ्यं पाळायची. वजाबाकी वर आणि खाली एकाच क्रमाने करायची, म्हणजे वर "नंतरचा वजा आधीचा" केलं असेल तर खाली पण "नंतरचा वजा आधीचा", नाहीतर चिन्ह उलटं येतं आणि वाढणारी गोष्ट घटताना दिसते. दुसरं म्हणजे उत्तराला एकक लावायचं आणि ते एकक नेहमी जोडीचं असतं: रुपये प्रति दिवस, फूट प्रति तास, किलोमीटर प्रति मिनिट. नुसतं "४०" असं उत्तर लिहिलं तर ते चाळीस काय, आंबे का?

टेबलापासून सुरू करू, कारण टेबलात फसायला सगळ्यात सोपं

कांद्याचं उदाहरण घेते, लासलगाव बाजूच्या पोरांना तर हे घरातच असतं. सुट्टीच्या आणि सणाच्या दिवशी लिलाव बंद, त्यामुळे भावाची वही लिहिली की तारखांमध्ये अशी गॅप पडतेच. समजा वहीत क्विंटलचा भाव असा लिहिलाय (आकडे माझ्या मनाचे आहेत, हिशोब सोपा पडावा म्हणून):

तारीख १ : १४०० रुपये
तारीख ४ : १५२० रुपये
तारीख ५ : १५८० रुपये
तारीख १० : १६८० रुपये

विचारलं की भाव सगळ्यात जोरात कधी वाढला, तर दहापैकी आठ जण म्हणतील पहिल्या टप्प्यात, कारण १२० रुपये वाढले, नंतर फक्त ६० आणि मग १००. पण ते १२० तीन दिवसांत वाढलेत, म्हणजे दिवसाला ४०. पुढचे ६० एकाच दिवसात, म्हणजे दिवसाला ६०, हा झाला सगळ्यात जोराचा टप्पा. आणि शेवटचे १०० दिसायला भारी पण पाच दिवसांत, म्हणजे दिवसाला फक्त २०. सगळ्यात लहान फरक सगळ्यात वेगवान निघाला, आणि ज्याला आपण दुसरा नंबर दिला होता तो शेवटचा.

त्यामुळे टेबल हातात आलं की उभ्या आकड्यांकडे बघायच्या आधी आडवे आकडे बघा, ते सारख्या अंतराने चाललेत का. १, २, ३, ४ किंवा ५, १०, १५ असं असेल तर नुसती वजाबाकी करून तुलना चालते, भागाकार एकदाच शेवटी केला तरी हरकत नाही. अंतर असमान असेल तर प्रत्येक टप्प्याचा भागाकार वेगळा करायचा, शॉर्टकट नाही.

मी पोरांना टेबलाच्या बाजूला पेन्सिलीने अजून तीन कॉलम पाडायला लावते: आडवा फरक, उभा फरक, आणि भागाकार. दोन मिनिटं जातात पण मग डोळ्यासमोर सगळं उघडं पडतं. भागाकाराच्या कॉलममध्ये सगळीकडे एकच आकडा आला तर दर स्थिर आहे, ग्राफ काढला तर सरळ रेघ येणार. दहावीला अंकगणिती श्रेढी झाली असेल तर ओळखीचं वाटेल, तिथे प्रत्येक पदामागे जो ठरलेला आकडा वाढत जातो तो हाच. वेगवेगळे आकडे आले तर रेघ वाकणार, आणि मग "दर किती" हा प्रश्नच अर्धवट ठरतो, "कुठल्या टप्प्यातला दर" असं विचारावं लागतं. वरच्या कांद्यात पूर्ण नऊ दिवसांचा सरासरी दर काढला तर २८० भागिले ९, म्हणजे दिवसाला साधारण ३१ रुपये. पण गंमत अशी की भाव ३१ ने वाढला असा टप्पा त्या वहीत एकही नाही. सरासरी चुकीची नाहीये, पण ती आतली उलथापालथ झाकून टाकते एवढं लक्षात असू द्या.

अजून एक, मोबाईलवर किंवा एक्सेलमध्ये ग्राफ काढणाऱ्यांसाठी. खाली नुसते १, ४, ५, १० असे आकडे देऊन लाइन चार्ट काढला तर तो त्यांना समान अंतरावर बसवून टाकतो, तीन दिवसही तेवढेच आणि एक दिवसही तेवढाच, आणि मग पहिला टप्पाच सगळ्यात खडा दिसतो, म्हणजे आत्ताच आपण जी चूक टाळली तीच सॉफ्टवेअर परत करून देतं. स्कॅटर चार्ट घ्या, तो आडवे आकडे खऱ्या अंतरावर मांडतो.

आता ग्राफ

ग्राफ वाचताना पहिली नजर रेघेवर जाते, ती मुद्दाम दुसरीकडे न्यायची. आधी दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते वाचा, मग उजव्या कोपऱ्यातलं प्रमाण. बोर्डाच्या पेपरात "प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक" असं लिहायला लावतात आणि पोरांना ती कटकट वाटते, पण ते पुसलं तर पूर्ण ग्राफचा अर्थच जातो.

मग रेघेवरचे दोन बिंदू निवडा, आणि असे निवडा की रेघ तिथे चौकोनांच्या बरोबर कोपऱ्यातून जाते, म्हणजे अंदाजपंचे वाचायची वेळ येत नाही. दोन बिंदू जितके लांब तितकं चांगलं, कारण वाचण्यात अर्धा चौकोन इकडेतिकडे झाला तर जवळच्या बिंदूंमध्ये उत्तर पार बदलतं आणि लांबच्या बिंदूंमध्ये फारसा फरक पडत नाही. बिंदू मिळाले की पुन्हा तेच, उभा फरक भागिले आडवा फरक. चौकोन मोजून भागू नका हां, चौकोनांची किंमत काढून भागा. एक उभा चौकोन १०० रुपयांचा आणि एक आडवा चौकोन २ दिवसांचा असेल तर "तीन चौकोन वर, तीन चौकोन पुढे, म्हणजे चढ १" असं म्हणणं साफ चूक, तिथे दर ३०० भागिले ६, दिवसाला ५० रुपये आहे.

प्रमाणाने डोळे किती फसतात याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण आपल्या दारातच आहे, कसाऱ्याचा घाट. मुंबईहून नाशिककडे येणारी रेल्वे कसारा ते इगतपुरी घाट चढते, आणि तिथला चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. किलोमीटरला साधारण २७ मीटर. एवढ्या चढाला कसाऱ्याला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात, बँकर म्हणतात त्यांना, रेल्वेसाठी हा भलताच खडा चढ आहे. आता हाच चढ ग्राफ पेपरवर काढा. दोन्हीकडे एक चौकोन म्हणजे एक मीटर धरला तर ३७ चौकोन आडवे जाऊन रेघ एकच चौकोन वर चढते, कोन दीड अंशाच्या आसपास, रेघ जवळपास झोपलेलीच दिसेल, याला जादा इंजिन कशाला असं वाटेल. आणि उभ्या अक्षावर एका मीटरला ३७ चौकोन दिले तर तीच रेघ डायरेक्ट ४५ अंशात उभी राहते, जणू अंजनेरीचा कडा. घाट तोच, चढ दोन्ही ग्राफमध्ये १ भागिले ३७ च निघतो. म्हणून दोन ग्राफ शेजारी ठेवून "हा जास्त खडा दिसतो" असं म्हणायचा हक्क आपल्याला तेव्हाच, जेव्हा दोन्हींचं प्रमाण सारखं आहे. नसेल तर आकडे काढा, डोळ्यांवर जाऊ नका.

एकाच ग्राफवर दोन रेघा असतील तर मात्र सोपं, प्रमाण आपोआप सारखं असतं, जी जास्त खडी तिचा दर जास्त. पण खडी म्हणजे वर असलेली नाही! वरची रेघ म्हणजे त्या क्षणी किंमत जास्त. खालची रेघ जास्त खडी असू शकते आणि पुढे जाऊन वरचीला छेदूही शकते.

आणि घाटाचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या. नाशिकहून मुंबईला कारने जाताना आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर कापलेलं अंतर असा ग्राफ काढला, समजा इगतपुरीपर्यंतचे साधारण ४५ किलोमीटर ४५ मिनिटांत गेले, म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर, आणि पुढे घाटातल्या १५ किलोमीटरना ट्रकच्या मागे रखडत २५ मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ०.६, तर ग्राफची रेघ घाटात चपटी होते. रस्ता सगळ्यात तीव्र उताराचा आणि ग्राफ सगळ्यात मंद. पोरं इथे हमखास गडबडतात, त्यांना वाटतं ग्राफ म्हणजे रस्त्याचं चित्र. चहाला थांबलात तर रेघ पूर्ण आडवी होते, आणि घरी डबा राहिला म्हणून मागे फिरलात तर खाली येते (उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर असेल तर).

एकीकडे टेबल, दुसरीकडे ग्राफ

परीक्षेत आवडता प्रश्न हा, आणि खऱ्या आयुष्यातही असंच होतं, एकाने वही ठेवलेली असते आणि दुसऱ्याने मोबाईलवर ग्राफ. द्राक्षाचं उदाहरण घेऊ. माल काढणीला आला का हे बघायला बागायतदार मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघतात, म्हणजे गोडी किती भरली ते, आणि दिवस मोजतात छाटणीपासून. दिंडोरीकडचे दोन भाऊ धरू, दोघांचे प्लॉट शेजारी.

थोरल्याने वहीत लिहिलंय:

छाटणीनंतर १०५ वा दिवस : १३ ब्रिक्स
१०९ वा दिवस : १४
११३ वा दिवस : १५
११७ वा दिवस : १६

धाकट्याने ग्राफ पाठवलाय, सरळ रेघ, ती १०५ व्या दिवशी ११ वर आहे आणि ११५ व्या दिवशी १५ वर.

व्यापारी म्हणतोय १७ ला माल काढू. कुणाचा आधी निघेल? पहिली प्रतिक्रिया अर्थातच थोरल्याचा, त्याची सुरुवातच दोन ब्रिक्सने पुढे आहे. आता दर काढा. थोरल्याचा दर चार दिवसांना १, म्हणजे दिवसाला ०.२५, आणि तिन्ही टप्प्यांत तोच आहे, तपासून बघा. धाकट्याचा दहा दिवसांना ४, म्हणजे दिवसाला ०.४. थोरल्याला १३ वरून १७ ला जायला ४ ब्रिक्स लागतात, ४ भागिले ०.२५ म्हणजे १६ दिवस, १२१ वा दिवस. धाकट्याला ११ वरून १७, सहा ब्रिक्स, ६ भागिले ०.४ म्हणजे १५ दिवस, १२० वा दिवस. मागून सुरुवात करून धाकटा एक दिवस आधी पोचला!

दोघं सारखे कधी होतात तेही निघतं. सुरुवातीचा फरक २ ब्रिक्सचा, आणि धाकटा रोज ०.४ वजा ०.२५ म्हणजे ०.१५ ने अंतर भरून काढतोय, तर २ भागिले ०.१५, साधारण १३.३ दिवस. म्हणजे ११८ व्या दिवशी कधीतरी दोन रेघा छेदतात, तोवर थोरल्याची रेघ वर आणि त्यानंतर धाकट्याची. दोन दरांची वजाबाकी म्हणजे अंतर मिटण्याचा दर, हे एकदा डोक्यात बसलं की पाठलागाची, टाकी भरण्याची, उधारी फेडण्याची सगळी गणितं एकाच घराण्यातली वाटायला लागतात.

इथे आडवा आकडा ० पासून सुरू होत नाही याकडेही लक्ष द्या. काही पोरं १३ भागिले १०५ करून बसतात. तसं फक्त तेव्हाच चालतं जेव्हा रेघ शून्यातून, म्हणजे आरंभबिंदूतून जाते. दर म्हणजे फरकाला फरकाने भागायचं, किमतीला किमतीने नाही.

समीकरण दिलं तर काम अजूनच कमी. "भाडं = ४० + १२ गुणिले किलोमीटर" असं लिहिलं असेल तर दर म्हणजे किलोमीटरच्या मागचा आकडा, १२, आणि ४० फक्त सुरुवातीचा. टेबल, ग्राफ, समीकरण, किंवा "दर तासाला पाच लिटर गळतंय" असं नुसतं वाक्य, काहीही समोर आलं तरी दोन आकडे शोधायचे, सुरुवात किती आणि दर किती, आणि तुलना करताना दर दराशीच ताडायचा. एककं वेगळी असतील तर आधी सारखी करून घ्या, एकाने मिनिटाला लिटर लिहिलंय आणि दुसऱ्याने तासाला, तर ६० ने गुणल्याशिवाय त्या दोघांची भेटच होत नाही.

द्राक्षाबद्दल एक खुलासा, खऱ्या बागेत गोडी अशी फूटपट्टीने आखल्यासारखी भरत नाही, थंडी वाढली की मंदावते, वेलीवर माल किती सोडलाय त्यावरही असतं. बागायतदार मला हसतील म्हणून आधीच सांगितलं. तर मग रेघ वाकडी असेल तेव्हा काय?

दर स्वतःच बदलत असेल तेव्हा

परत गोदावरीवर येऊ. समजा धरणातून पाणी सोडलंय आणि कुणीतरी घाटाच्या एका पायरीपासून दर तासाला पाण्याची उंची मोजतोय (हेही आकडे धरलेले):

सकाळी १० : ० फूट
११ : १ फूट
१२ : २.५ फूट
१ : ४ फूट
२ : ४.५ फूट

फरक काढा: १, १.५, १.५, ०.५. पाणी शेवटपर्यंत चढतंच आहे, दोन वाजता सगळ्यात उंच आहे, पण चढण्याचा वेग अकरा ते एकच्या दरम्यान जास्त होता आणि शेवटच्या तासात तो एकतृतीयांशावर आला. ग्राफमध्ये हे कसं दिसेल? रेघ आधी वर वळते, मग सरळ खडी जाते, आणि मग माथ्याकडे चपटी होत जाते. माथ्याजवळ उंची सगळ्यात जास्त आणि चढ जवळजवळ शून्य. पुराच्या दिवशी अनुभवी माणूस हेच बघत असतो, पाणी किती आहे ते सगळेच सांगतात, तो विचारतो "मागच्या तासात किती चढलं?"

वाकड्या रेघेवर एखाद्या ठराविक क्षणाचा दर हवा असेल तर शाळेच्या पातळीवर त्या क्षणाच्या थोडं आधीचा आणि थोडं नंतरचा बिंदू घेऊन भागाकार करा, चांगला अंदाज मिळतो. किंवा पट्टी त्या बिंदूवर रेघेला फक्त टेकेल अशी ठेवा आणि पट्टीचा चढ मोजा. अकरावी-बारावीला यालाच मोठं नाव देऊन परत शिकवतात, आत्ता घाई नको.

दोन वाकड्या रेघांची तुलना करताना "कोणाचा दर जास्त" असं ढोबळ विचारू नका, कुठपासून कुठपर्यंत ते ठरवा. पहिल्या दोन तासांत एक पुढे आणि पुढच्या दोन तासांत दुसरा, असं अगदी सहज होतं.

धरणाचे टक्के आणि क्युसेक, इथे सगळ्यात जास्त गोंधळ

बातमीत तीन प्रकारचे आकडे एकत्र येतात: साठा दशलक्ष घनफुटात, साठा टक्क्यांत, आणि विसर्ग क्युसेकमध्ये. यातला क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, म्हणजे हा आकडा जन्मतःच दर आहे. साठा ही "किती आहे" वाली गोष्ट आणि क्युसेक ही "किती वेगाने" वाली. क्युसेकच्या टेबलावरून किती पाणी गेलं हे हवं असेल तर वजाबाकी-भागाकार करायचा नाही, वेळेने गुणायचं. दिवसात ८६,४०० सेकंद, त्यामुळे १ क्युसेक दिवसभर वाहिलं तर ८६,४०० घनफूट, आणि साधारण ११,५७४ क्युसेक २४ तास चालू राहिलं तर एक टीएमसी, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडी धरणाकडे इतके हजार क्युसेक सोडले असं वाचलं की मनात हे गणित करून बघा, वाद घालायला बळ येतं.

उलटीकडून, साठ्याच्या टेबलावरून दर काढता येतो. काल आणि आजच्या साठ्यात १०० दशलक्ष घनफुटांचा फरक असेल तर दिवसाचा सरासरी दर साधारण ११५७ क्युसेक. पण हा दर म्हणजे येणारं पाणी वजा जाणारं पाणी. धरणाच्या साठ्याचा ग्राफ दोन दिवस आडवा दिसला तर पाऊस थांबला असं समजू नका, धो धो पाणी येत असेल आणि तेवढंच खाली सोडत असतील. आडवी रेघ म्हणजे बदल शून्य, हालचाल शून्य असं काही नाही.

आता टक्के. गंगापूरची क्षमता साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांच्या थोडी वर, आणि काश्यपीची साडेअठराशेच्या आसपास. समजा एका दिवसात दोन्ही धरणं १० टक्क्यांनी वाढली. टक्क्यांच्या ग्राफवर दोन रेघा अगदी समांतर जातील, सारखा चढ. पण पाणी बघाल तर गंगापूरमध्ये साधारण ५६० आणि काश्यपीत १८५ दशलक्ष घनफूट आलं, तिप्पट फरक. टक्क्यांचा दर "धरण किती लवकर भरेल" याचं उत्तर देतो आणि घनफुटांचा दर "पाणी किती आलं" याचं. दोन्ही बरोबर, फक्त प्रश्न कुठला विचारला होता ते विसरायचं नाही.

हाच प्रकार शहराच्या लोकसंख्येत दिसतो. जनगणनेप्रमाणे नाशिक शहराची लोकसंख्या १९९१ ला साधारण ६.५७ लाख, २००१ ला १०.७७ लाख आणि २०११ ला १४.८६ लाख. फरक काढा: पहिल्या दशकात ४.२० लाख, दुसऱ्यात ४.०९ लाख. वर्षाला सरासरी ४२ हजार आणि ४१ हजार, म्हणजे दर जवळपास स्थिर, तिन्ही बिंदू ग्राफवर टाकले तर पट्टी लावून काढल्यासारखी रेघ येते. पण टक्क्यांत? पहिल्या दशकात ६.५७ वर ४.२०, म्हणजे साधारण ६४ टक्के. दुसऱ्यात १०.७७ वर ४.०९, म्हणजे ३८ टक्के. एक जण म्हणेल वाढ आहे तशीच आहे, दुसरा म्हणेल वाढ जवळजवळ निम्म्यावर आली, आणि दोघांच्या हातात एकच टेबल. पाण्याच्या पाइपलाइनची सोय करायची असेल तर मला पहिला हिशोब जास्त कामाचा वाटतो, दरवर्षी खरोखरची ४०-४२ हजार माणसं वाढली, टक्के नळाला तोंड लावत नाहीत.

घटणाऱ्या गोष्टी

इथे चिन्हामुळे घोळ होतो. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) ठेवला की वजन घटतं. समजा एका चाळीत १०० क्विंटलचे दोन महिन्यांत ९४ झाले, दुसऱ्या चाळीत ५० चे ४६. दर झाले महिन्याला −३ आणि −२ क्विंटल. संख्यारेषेवर −२ मोठा, म्हणून "दुसऱ्याचा दर जास्त" असं लिहिलं तर गणिताच्या व्याकरणाने बरोबर वाटेल पण अर्थाने नाही. कोण जास्त वेगाने घटतंय असा प्रश्न असेल तर चिन्ह बाजूला ठेवा, ३ विरुद्ध २, पहिली चाळ जास्त वेगाने घटतेय. ग्राफमध्ये दोन्ही रेघा डावीकडून उजवीकडे खाली येतील, पहिली जास्त खडी. पण शेकड्यात मोजाल तर पहिलीत दोन महिन्यांत ६ टक्के घट आणि दुसरीत ८, म्हणजे हवा खेळती नाही ती दुसऱ्या चाळीत असण्याची शक्यता जास्त, आधी तीच उघडून बघा.

पेपर लिहिताना

थोडक्यात उरलेलं. भागाकाराची पायरी गाळू नका, त्याला मार्क असतात. ग्राफवरून निवडलेले दोन बिंदू उत्तरात कंसात लिहा, तपासणाऱ्याला शोधायला लावू नका. एकक दोन्ही बाजूंचं लिहा. "तुलना करा" म्हटलं असेल तर दोन दर काढून थांबू नका, कोणाचा जास्त आणि कितीने हे एक वाक्य लिहा, "धाकट्याच्या प्लॉटचा दर दिवसाला ०.१५ ब्रिक्सने जास्त" असं. आणि उभा अक्ष ० पासून सुरू होतोय का तुटक रेघ दाखवून मधूनच सुरू केलाय ते बघायची सवय लावा, मोबाईलवर येणाऱ्या भावाच्या ग्राफमध्ये तर खासकरून, तिथे उभा अक्ष १३८० पासून सुरू करून वीस रुपयांची वाढ हिमालयासारखी दाखवलेली असते. स्क्रीनशॉटवर दोन टोकांचे आकडे वाचा, वजाबाकी करा, दिवसांनी भागा, आणि मगच तो पुढे पाठवायचा का ते ठरवा.